‘शोकाकुल’च्या खालची चौकट

परक्याच्या घरातलं आणून आपल्या घरात मांडायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी वेबसाइटची पानं बनवते. हल्लीचं कुठलंही पान सबंध एका जागी लिहिलेलं नसतं. बातमी आपली, हवामान दुसऱ्याचं, नकाशा तिसऱ्याचा, जाहिरात आणखी कुणाची. पान उघडलं की त्यातल्या रिकाम्या चौकटी आपापल्या पत्त्यावर हाक मारतात, तिकडून एचटीएमएलचा, म्हणजे पानाच्या भाषेतला, तुकडा येतो आणि चौकटीत बसतो. वाचणाऱ्याला वाटतं, सगळं एकाच हातानं लिहिलंय. तिकडच्यानं मजकूर बदलला की आपलं पानही बदलतं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आमच्या धंद्यात याला सोय म्हणतात.

बाहेरचा तुकडा आत घ्यायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे त्याला काचेआड ठेवायचं. तो दिसतो, पण त्याचे कपडे त्याच्याच अंगावर राहतात आणि आपल्या पानाला तो हात लावू शकत नाही. दुसरी रीत म्हणजे त्याला थेट पानात ओतायचं. मग तो आपली अक्षरं, आपले रंग, आपली किनार अंगावर चढवतो आणि घरचाच होऊन बसतो. ओतायचं तर आधी चाळून घ्यावं लागतं, पीठ चाळतात तसं. चाळायचा कंटाळा मात्र सगळ्यांनाच असतो.

आमचं गाव कोळवण खोऱ्यातलं. गावाची वेबसाइट मीच करून दिली होती. माझा चुलत भाऊ मागं लागला होता, "ताई, समद्या गावांच्या झाल्या, आपलीच ऱ्हायली." एसटीच्या वेळा, जत्रेची माहिती, दवाखान्याचा फोन, निधन वार्ता, आणि एका चौकटीत पाऊसपाण्याचा अंदाज, एवढंच त्यात होतं. पावसाची चौकट मी काचेआड ठेवली होती. साइटच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, भावाच्या हाती दिल्या तेव्हा बजावलंही होतं की चौकटीत दुसरं काही आणायचं तर मला विचार. तो म्हणाला, "तू सांगशील तसं." हे वाक्य तो सगळ्यांनाच म्हणतो.

भाऊ जमिनी दाखवतो. आमच्या खोऱ्यात हल्ली भातापेक्षा एजंटच जास्त पिकतात, त्यातला हा एक. शनिवार-रविवारी पांढऱ्या जीपमधून पुण्याची माणसं आणायची, बांधावर उभं करायचं, धरणाकडं बोट दाखवायचं आणि "हितनं सनसेट लई भारी दिसतो" म्हणायचं. आमच्या शेजारची खाचरं अशीच गेली. तिथं आता कुंपणं आहेत, कुंपणाआड हिरवळ आहे आणि हिरवळीवर कुणी नसतं. मधोमध आमचं रान तेवढं उरलं होतं. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पा आंबेमोहोर लावायचे, आणि कुणी विकायचं नाव काढलं की एवढंच म्हणायचे, "रान माझं हाय व्हय इकायला? म्या राखणदार." मग विडी पेटवून दुसऱ्या विषयावर जायचे. भावानं त्यांच्यापुढं किती माणसं आणून उभी केली असतील त्याची गणती नाही. आप्पा प्रत्येकाला चहा पाजायचे आणि तसंच वाटेला लावायचे.

भात झोडून घरात आलं आणि आप्पा गेले. पावसाळ्यात ते बरेच दिवस दवाखान्यात होते, तिथून घरी आले, कापणी डोळ्यांनी पाहिली आणि मग गेले. मी त्यांची एकुलती एक. अग्नी मी देते म्हणाले, तर म्हातारी माणसं अशी बघायला लागली जशी मी तालुक्याच्या बाजारात नाचायला निघालेय. आई म्हणाली, "वाद नगं गं. त्यांची माती गोड हुंदे." मडकं भावानं धरलं. तेव्हा मला त्याचा रागही आला नाही. तो रडत होता, आणि ते रडणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण आमच्याकडं ज्यानं मडकं धरलं त्याचा शब्द त्या घरात चालायला लागतो, हे मला ठाऊक होतं. त्यालाही होतं.

राख सावडून आलो त्याच दिवशी दुपारी अंगणात एक गाडी थांबली. चाळिशीतलं जोडपं उतरलं. बाईंनी गॉगल काढला, साहेबांनी बूट काढले, दोघं घोंगडीवर बसले. सुतकात माणसं भेटायला येतच असतात. सगळी ओळखीची असतात असं नाही. आईनं पाणी दिलं आणि नेहमीसारखं सांगायला लागली, कसा श्वास लागला, कसं शेवटी माझं नाव घेतलं, कसा पेजेचा घोट उतरला नाही. सांगता सांगता ती पदरात तोंड घालून रडली. बाई "ओह, सॉरी सॉरी" म्हणाल्या. साहेबांनी हात जोडले, तेवढी रीत त्यांना होती. मग ते म्हणाले, "आँटी, हद्द कुठपर्यंत येते? ओढ्याच्या पलीकडं पण आहे ना?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, आप्पांना कुठं दहन केलं ते विचारतायत. मला कळलं होतं. मी म्हणाले, "कसली हद्द?" तर बाईंनी मोबाइल पुढं केला. "हेच घर ना? तुमचीच ॲड आहे ना ही?"

ते आमच्या गावाचं पान होतं. निधन वार्ता. वर आप्पांचा टोपीतला फोटो, त्याभोवती मी स्वतः निवडलेली काळी किनार, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, त्याखाली दशक्रियेचा घाट आणि वेळ. मग ‘शोकाकुल’ असा शब्द. आमच्याकडं चौकाचौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात, त्यांवर ‘शोकाकुल’च्या खाली घरच्यांची नावं असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या शब्दाखाली जे असतं ते घरच्यांचंच. आमची नावं टाकायची भावानं घाईत सोडली होती. त्या जागी वर सरकून पावसाची ती चौकट आली होती. त्याच अक्षरात, त्याच काळ्या किनारीत लिहिलेलं होतं: ‘कोळवण खोऱ्यात सलग भातशेती. वरच्या अंगाला आंबा, खालून बारमाही ओढा. रस्त्याला लागून. एकच मालक, वाद नाही. त्वरित संपर्क.’ खाली फोटोही होता. आमचं रान, आमचा आंबा.

त्या जोडप्याला मी काय बोलले ते आठवत नाही, पण साहेबांनी बूट हातात घेऊनच गाडी गाठली. जाताना बाई म्हणाल्या, "मग वेबसाइटवर टाकता कशाला?" बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी वाचलं होतं, आणि लिहिलेलं स्वच्छ होतं.

मी पान उघडून त्याच्या पोटात काय आहे ते पाहिलं. माझी काच काढून टाकलेली होती. पावसाचा पत्ता पुसून तिथं जमिनी विकणाऱ्या कुणा कंपनीचा पत्ता घातला होता आणि तिकडून येईल ते न चाळता सरळ पानात ओतलं जात होतं. हे काम कुणी भाडोत्री पोरानं केलेलं दिसत होतं, आणि त्याला मी दोष देत नाही. काचेच्या कडेला स्क्रोलची सरकपट्टी दिसते, ती मालकांना आवडत नाही. ओतलं की कसं पानात मिसळून जातं. किळस मला त्या फोटोची आली. फोटोत भात हिरवंगार होतं, पोटरीला आलेलं. म्हणजे फोटो भाद्रपदातला. तेव्हा आप्पा दवाखान्यात होते आणि रानाकडं लक्ष ठेवायला आम्ही भावालाच सांगितलं होतं. त्यानं लक्ष ठेवलं होतं. माणूस जिवंत असताना त्याच्या बांधावर उभं राहून त्यानं ‘एकच मालक, वाद नाही’ लिहून दिलं होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात म्हणतात. याला तर मढं होईपर्यंतही दम नव्हता.

भाऊ त्यांच्या पडवीत बसला होता. सुतकाचा नेम पाळून जमिनीवर घोंगडं टाकलेलं, अंगावर उपरणं, हातात मोबाइल. मी पान त्याच्यापुढं धरलं.

"आवं ताई, त्ये आटोम्याटिक येतंय," तो म्हणाला. "कंपनीकडनं. आपल्या हातात काय न्हाई."

"मी हेच काम करते. मला आटोम्याटिक शिकवू नकोस. चौकटीत पत्ता कुणी घातला?"

"साइटचा खर्च कंपनी भरती. बदल्यात येक चौकट मागितली, दिली. गावाचाच फायदा हाय."

"मग एसटीच्या पानावर टाकायची. निधन वार्तेवर कशाला?"

तो खरं बोलला, आणि ते खरं मला खोट्यापेक्षा घाण वाटलं. म्हणाला, "एसटीचं पान कोण उघडतंय ताई? समद्यांच्या गाड्या हायेत. मयताचंच पान लोकं बघत्यात. पुण्या-मुंबईचे पावणे बी तेच उघडत्यात."

"आणि आमच्या रानाचं वर्णन त्यांना स्वप्नात दिसलं?"

तो मोबाइल खाली ठेवून, समजूत घालतात त्या आवाजात म्हणाला, "काकू किती दिस राबणार? तू तिकडं, जावई तिकडं. कुणीतरी बघायलाच पायजे ना. म्या काय वाईट करतुया? मडकं धरलंय म्या."

तेच ते. मला वाटलं होतं हे वाक्य यायला वर्षभर तरी लागेल. ते आठवडाही थांबलं नाही. चौकट आजच्या आज काढ, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "काढतो की. धाव्वा होऊ दे, डोक्यावर सुतक हाय." सुतकात एचटीएमएलला शिवायचं नसतं हे शास्त्र मला नवीन होतं. चाव्या दे म्हणाले, तर पासवर्ड त्या भाडोत्री पोराकडं होता आणि पोरगं फोन उचलत नव्हतं. कंपनीला मी स्वतः फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की मजकूर ज्यांनी दिला त्यांनीच काढायला सांगावा लागेल. मी म्हणाले, तो माझ्या वडिलांच्या फोटोखाली आहे. ती म्हणाली, "मॅम, तुकडा कुठल्या पानावर दिसतो ते आम्ही बघत नाही." तिचंही बरोबर होतं. मीसुद्धा ऑफिसात लोकांना असलीच उत्तरं देते.

तोवर गावात झालं ते झालंच होतं. सगळ्यांनी निधन वार्ता वाचली होती आणि जसं वाचायचं तसंच वाचलं होतं. ‘शोकाकुल’च्या खाली घरच्यांनी रान विकायला काढलंय. आईची लहानपणापासूनची मैत्रीण, वरच्या आळीची, भेटायला आली, आईजवळ बसली आणि म्हणाली, "राख तरी निवू द्यायची व्हती गं." आई म्हणाली, "म्या न्हाई काढलं." मैत्रीण म्हणाली, "तुज्याच घरचं छापलंय की." एवढं बोलून तिनं आईचा हात हातात घेतला, वर मायेनं थोपटलासुद्धा. ज्या बाईनं भातलावणीच्या पंचवीस-तीस आवण्या आईच्या बरोबर चिखलात वाकून केल्या, तिचा आईच्या तोंडापेक्षा मोबाइलच्या तोंडावर जास्त विश्वास. मला दोघींच्या मध्ये जाऊन किंचाळावंसं वाटत होतं. मी समजावायला लागले, की बाहेरून तुकडा येतो, चौकट रिकामी असते. मैत्रीण ऐकून घेत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं की शिकलेली पोरगी आईचं पाप झाकतेय.

आईनं आप्पांचं कौतुक कधी तोंडावर केलं नाही, पण तिचा सगळा तोरा त्या एका गोष्टीवर होता. बाकीच्यांनी विकलं, आमच्या यांनी विकलं नाही. आता तिच्या नवऱ्याच्या माघारी तिनं ते विकायला काढल्याची वार्ता त्याच्याच फोटोखाली चालू होती. ती अन्न पुढं घेऊन नुसती बसायची. मला एकदाच म्हणाली, "त्यांला वर कळत आसंल का गं?"

दहाव्याला नदीच्या घाटावर सगळं खोरं लोटलं. दशक्रिया म्हटली की आमच्याकडं माइक आलाच आणि माइक आला की पुढारी आले. आप्पांना आयुष्यात एकदाही न भेटलेले दोघं-तिघं त्यांच्या साधेपणावर बोलले. एकानं तर धरणाच्या कालव्याचं काम आपण कसं करून घेतलं ते सांगितलं आणि शेवटी आठवण आल्यासारखं "ईश्वर मृतात्म्यास" म्हणून खाली उतरला. भाऊ मुंडण करून, ओल्या धोतरात पिंडापाशी बसला होता. भटजींनी पिंड मांडले, सगळे मागं सरले, आणि कावळ्याची वाट बघायला लागले.

कावळे समोरच्या करंजावर होते, भरपूर. एकही उतरेना. ऊन चढलं. भाताच्या पिंडावर दही सुकायला लागलं. मग कुजबुज सुरू झाली. "जीव रानात अडाकलाय." "अडाकणारच, बाजार मांडल्यावर." बायकांच्या घोळक्यात माना आईकडं वळत होत्या. आई पिंडाकडं बघत बसली होती, आणि पदर तिनं इतका पुढं ओढला होता की तोंड दिसत नव्हतं. रिवाजाप्रमाणं एकेक जण पुढं जाऊन हात जोडून शब्द द्यायला लागला. काकूला बघू, लेकीला अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. मला राहवेना. मी उठले. माइक हातभर अंतरावर होता, आणि कुणी रानाचा बाजार मांडला ते मला नावानिशी सांगायचं होतं.

आईनं माझं मनगट धरलं. तिचा हात भातकापणीचा, सुटणार नव्हता. हळूच म्हणाली, "आज न्हाई. त्याच्याच हातनं पाणी घ्यायचंय तुज्या आप्पांला."

मी खाली बसले. आणि तेव्हाच भाऊ उठला. पिंडापुढं जाऊन त्यानं हात जोडले आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आप्पा, तुमचं रान कुणी इकणार न्हाई. माजा शब्द हाय. जावा तुमी सुखानं."

कावळा उतरला. एक उतरला, मग दुसरा, पिंडाची शितं उडाली. बसलेली माणसं एकदम सुटल्यासारखी बोलायला लागली. कुणी डोळे पुसले, कुणी भावाच्या पाठीवर हात ठेवला. "पोरानं राखलं म्हाताऱ्याला," मैत्रीण आईला म्हणाली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते हे मलाही कळतं. तरी त्या कावळ्याचा मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. आप्पांच्या जिवाला दुसरा कुणाचाच शब्द पुरला नाही, आणि या माणसाचा पुरला, असं सगळ्या खोऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं. यापुढं मी काय सांगितलं असतं? आणि कुणी ऐकलं असतं?

तेराव्यानंतर भावानं शब्द पाळला. म्हणजे निधन वार्तेतून आप्पांचं पान काढलं. दिवस झाले होते, आता ते पान कशाला, असं त्याचं म्हणणं. आप्पांच्या जागी खालच्या आळीतली एक म्हातारी आली, तिचा फोटो, तिचा घाट, तिची वेळ. तिच्या ‘शोकाकुल’च्या खाली तिच्या नातवंडांची नावं होती, आणि त्यांच्या खाली आमचं हिरवं भात होतं तसंच होतं. मी पुन्हा त्याच्या दारात गेले. तो म्हणाला, "म्या इकणार न्हाई म्हणलो ताई, काकूनं इकलं तर म्या कोण आडवणारा? चौकट आसू दे. दर तर कळंल." हे बोलताना तो माझ्याकडं इतक्या निर्मळ डोळ्यांनी बघत होता, की याला स्वतःचा शब्द आता आठवतच नसणार असं मला वाटलं. थुंकावंसं वाटलं. वहिनीनं सारवलेलं अंगण होतं म्हणून गिळलं.

मी परत हिंजवडीला निघाले त्या सकाळी आई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. मी म्हणाले, चल माझ्याबरोबर थोडे दिवस. ती म्हणाली, "आन हितं कोण ऱ्हाईल? पावणे येत्यात रोज, हद्द इचारत." सूप झटकलं, खडा वेचून अंगणात टाकला. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "माज्या मागं तू इकशील?"

घरी आलं की माझीही जीभ गावची होते. मी तिच्यापुढं बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "न्हाई इकणार आई. माजा शब्द हाय."

तिनं हात सोडवून घेतले. "त्यो बी ह्येच म्हणला," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.